इंदुताईची विहीर आणि बंबाचा पाइप

चैत्रातली सकाळ. पांढरकवड्याच्या जुन्या कापसाच्या जिनामागच्या नाल्यावर बाया धुणं धूत होत्या आणि एकाएकी सगळ्यांची धोपटणी थांबली. कुंपणापलीकडे इंदुताईच्या विहिरीवर भांडण लागलं होतं, आणि भांडण ऐकताना धोपटणं आपटलं तर अर्धे शब्द वाया जातात. त्या बायांपैकी आता एखाददुसरीच उरली असेल, पण भांडण अजून जसंच्या तसं सांगता येतं.

"मी पुतणीच्या लग्नाले नेरले गेली काय, अन् माह्या विहिरीत तुमी पाइप सोडला?" इंदुताई विचारत होत्या.

"सोडला, बाई," हिरासिंग जमादार म्हणाला. "पाणी ओढून पाह्यलं अन् काढून घेतला. चांगलं ओढते तुमची विहीर."

"मले तिचं कौतुक नोका सांगू. पाइप सोडला कोणी?"

"माह्या माणसानं."

"माणसाले नाव असन ना?"

"उकंडा."

उकंडा तिथंच कुंपणाबाहेर बंबाजवळ उभा होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला होता आणि तेव्हापासून मान खाली घालून ऐकायची सवय त्यानं सोडली होती. तो तिथूनच म्हणाला, "बाई, तुमची मोट चामड्याची हाये जी. ते तर दिवसभर विहिरीत डुबक्या मारते."

"मोटेची विहिरीले सवय हाये. सासऱ्यापासूनची."

"मंग पाइपाचीबी होईन," हिरासिंग म्हणाला.

"व्हायची असन तं दुसऱ्याच्या विहिरीले होऊ द्या," असं म्हणून इंदुताईंनी सालदाराला हाक मारली आणि दोन्ही जोड्या मोटेला जुंपायला सांगितलं. विहीर बाटली होती. तळापर्यंत उपसायची होती.

हिरासिंग निघाला. नाल्यावर धोपटणी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

हा हिरासिंग राठोड म्हणजे पालिकेच्या आगीच्या बंबावरचा जमादार. जन्म तांड्यातला. आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेला, बाप शेतीला लागलेला, आणि हा लढाईच्या काळात फौजेच्या बंबावर काम शिकून आलेला. छप्पन साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि त्याच धामधुमीत त्याला ही नोकरी लागली. त्याची बायको धनीबाई तांड्यात सांगायची की, राज्य बदललं ते माझ्या नवऱ्याला खाकी सदरा मिळावा म्हणूनच.

गावाला वाटायचं, जमादाराला काम ते काय. आग लागली तर धावायचं, नाही लागली तर मिशी पिळत बसायचं. हिरासिंगचं म्हणणं उलटं होतं. आग लागली म्हणजे आपलं काम अर्धं बिघडलं. त्यामुळे तो सकाळपासून गावभर नाक खुपसत हिंडायचा. कडब्याची गंजी घराला टेकली असेल तर हटवायला लावायचा. जिनात जाऊन कापसात खडा-खिळा जाऊ नये म्हणून चाळणी बघायचा, कारण यंत्राच्या दातात खडा आला की ठिणगी उडते. बिडीवाल्याच्या तोंडातली बिडी काढून आपल्या बुटाखाली विझवायचा आणि वर त्यालाच सुपारी द्यायचा. बाया त्याला पाहिलं की चुलीतलं लाकूड मागं ओढायच्या. सासू आल्यासारखं वाटायचं.

बंबही काही मोठा नव्हता. चार चाकांवरची लोखंडी पेटी, दोन्ही बाजूंना लांब दांडे. इकडच्या चौघांनी दांडा दाबला की तिकडच्या चौघांचा वर, मग तिकडच्यांनी दाबायचा. जाड पाइपाचं एक टोक पाण्यात, आणि पेटीच्या दुसऱ्या तोंडाला लावलेल्या कापडी नळीतून धार. पण या बंबाचा घसा आखूड. पंधरा-सोळा हातांच्या खाली पाणी गेलं की तो नुसती हवा ओढतो आणि म्हाताऱ्यासारखा खोकतो. म्हणून हिरासिंग दर फाल्गुनात दोरीला दगड बांधून गावातल्या विहिरी मापत फिरायचा. कोणत्या विहिरीवर बंब उन्हाळाभर चालेल, हे त्याला आगीच्या आधी ठाऊक हवं असायचं.

जिनाच्या बाजूच्या सगळ्या विहिरी होळीपर्यंत खोल जायच्या. एकटी इंदुताईची विहीर वैशाखातही हाताशी पाणी ठेवायची. आणि जिनासमोरच्या पटांगणात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लागायच्या, वाऱ्याच्या तोंडाला धाब्याची आणि गवताची घरं, इंदुताईचा स्वतःचा गुरांचा कोठा, कडब्याच्या गंज्या. ती एक विहीर बंबाला मिळाली तर ही सगळी बाजू वाचणार होती. नाही मिळाली तर जमादारानं सदरा काढून ठेवलेला बरा, असं तो धनीबाईला बोलून दाखवायचा. ती म्हणायची, सदरा काढा, पण आधी विहिरीच्या मालकिणीला विचारा तरी. हिरासिंगनं दोनदा विचारलंही होतं. इंदुताई ताक द्यायच्या, हालहवाल पुसायच्या आणि विहिरीचं नाव निघालं की उठून आत जायच्या. यजमान भगवानराव लवकर गेले, पोटी काही नाही, दिरांच्या डोळ्यांदेखत त्या बाईनं एकटीनं मळा राखलेला. जे राखलं त्यातलं काहीही हातातून सुटू द्यायचं नाही, ही सवय तिच्या अंगात मुरली होती.

मग ती लग्नाला गेली, आणि हिरासिंगनं मालकीण नाही तोवर एकदा बघून घेऊ म्हणून पाइप सोडला. तिथं चुकलं.

दोन्ही जोड्या विहीर उपसायला लागल्या. उपसलेलं पाणी जायचं कुठं, हा प्रश्न होताच. बाटलेलं पाणी कांद्याला चालत नव्हतं, वांग्याला चालत नव्हतं. इंदुताईंनी पाट फोडून ते जिनाच्या कुंपणाला लागून असलेल्या पडीत तुकड्यात सोडलं. तिथं गुडघाभर चिखलाचा राबडा झाला. विहिरीचा तळ दिसला, झरे चैत्रातले, हळूहळू पाझरणारे. बैलांच्या पाण्याची डोण कोरडी पडली. जिनावर आलेले बंडीवाले त्याच डोणीवर बैल पाजायचे आणि बादलीभर पाणी स्वयंपाकाला न्यायचे. त्यांना आता नाल्यापर्यंत जावं लागू लागलं. दुपारी भाकरी थापून झाल्यावर चुलीवर ओतायला पाणी कोण आणतो? माणसं चुलीवर पायानं माती लोटायची आणि बंडीखाली आडवी व्हायची.

हिरासिंगला हे दिसत होतं. तो पटांगणात फिरून चुली उकरायचा, निखारे मोजून मातीत कालवायचा, आणि बंडीवाल्यांशी रोजचं भांडण करायचा ते वेगळंच. दोन बंड्यांच्या मधे एका बंडीची जागा सोडा, असं तो सांगायचा, म्हणजे एक पेटली तर दुसरीला पोचणार नाही. पण जागा सोडली की मागचा आपली बंडी त्यात घुसवायचा आणि आधी कापूस मोजून घ्यायचा. त्यामुळे बंड्या अशा चिकटायच्या की मधून कुत्रं जाणार नाही. सांगून सांगून जमादाराचा गळा बसायचा, आणि तो पाठमोरा झाला की जुवाला जू लागायचं.

दुपार होती, वारा सुटला होता. एका चुलीवरची माती वाऱ्यानं उडाली, निखारा वर आला, आणि कोणी उठून बघेपर्यंत कडेच्या बंडीच्या कापसानं खालून पेट घेतला.

कापसाची आग पेटताना आवाज करत नाही. दूध उतू जावं तशी वर येते. पहिली आरोळी एका बैलानं फोडली. मग माणसं उठली, आणि जो तो आपली बंडी ओढायला धावला. सगळ्यांनी एकदम ओढल्यामुळे चाकात चाक अडकलं आणि कोणाचीच हलेना.

हिरासिंग, उकंडा आणि बंबाचे गडी पोचले तेव्हा तीन बंड्या पेटल्या होत्या. गड्यांनी बंब जवळची म्हणून इंदुताईच्या विहिरीकडे वळवला. हिरासिंगनं हात आडवा केला. विहिरीत पाणी नव्हतं, आणि ते का नव्हतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. नाल्यावर बंब न्यायचा तर नळी पोचत नव्हती. वारा गवताच्या घरांकडे होता, मधे इंदुताईच्या गंज्या.

त्यानं आधी बैल सोडवले. कासरे, जोते, विळ्यानं जे हाती येईल ते कापलं. मग त्याची नजर कुंपणाच्या खालच्या अंगाला गेली. तिथं पडीतात उपसलेलं पाणी अजून चमकत होतं.

"उकंडा, कुंपण पाड," तो म्हणाला. "जळती बंडी राबड्यात लोटायची."

"कापूस जाईन," एक बंडीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुयाच जाईन. नाही लोटली तं सगळ्यायचा जाईन."

उकंडानं कुऱ्हाडीनं कुंपणाचे लाकडी डांभे पाडले. ओल्या पोत्यांनी हात गुंडाळून आठ-दहा जणांनी पहिली बंडी मागून रेटली. उताराला लागल्यावर ती आपल्या आपण धावली आणि राबड्यात तोंडघशी पडली. चर्र आवाज झाला, पांढऱ्या वाफेचा लोट उठला. दुसरी गेली. तिसरीचं चाक अर्ध्यात रुतलं, तेव्हा बाकीच्यांनी घमेल्यांनी चिखल उचलून तिच्यावर टाकला. गड्यांनी पडीताच्या खड्ड्यात बंबाचा पाइप घातला. दोन दाबांत चिखलानं त्याचा घसा धरला, तरी तेवढ्यात निघालेली गढूळ धार चौथ्या बंडीवर गेली. नाल्यावरून बायांनी कळशा आणल्या. इंदुताईही मळ्यातून धावत आल्या, सालदाराला घेऊन. गंजीवर घोंगड्या पसरून त्या स्वतः शिडीवर उभ्या राहिल्या, आणि उडून आलेले कापसाचे पेटते पुंजके ओल्या झाडूनं मारत राहिल्या. त्यांच्या झाडूचं पाणीही त्याच राबड्यातलं होतं. ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

दिवस कलेपर्यंत आग आटोक्यात आली. माणूस एकही गेला नाही. एका बैलाची शेपटी झळली, चार बंड्यांचा कापूस गेला. गावाला वाटलं, संपलं. हिरासिंगला ठाऊक होतं की कापूस वरून विझला तरी आत जिवंत असतो. त्यानं बंडीवाल्यांना बसवून तो चिखलातला कापूस मूठमूठ पिंजायला लावला, आणि प्रत्येक ढिगात हात कोपरापर्यंत घालून बघितलं. दुसऱ्या दिवशीही एका ढिगातून धूर निघाला. तेव्हा कुठं लोकांची कुरकुर थांबली.

मग पालिकेला कारण कळवायचं होतं. आग कशानं लागली, हे शोधणंही जमादाराच्याच कामात. हिरासिंगनं चूल शोधली, ज्याची होती त्या म्हाताऱ्या बंडीवाल्याला समोर बसवलं. तो म्हणाला, पाणी नव्हतं जी, माती टाकली होती. अध्यक्षांसमोर उभं राहून हिरासिंगनं सांगितलं की चुलीवर ओतायला पाणी नव्हतं, कारण विहीर उपसली होती, आणि विहीर उपसली ती मी न विचारता पाइप सोडला म्हणून. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले आणि त्याला घरी जेवायला जा म्हणाले. एवढ्या खऱ्याची त्यांच्याकडे सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो इंदुताईकडे गेला. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकली, ताक दिलं. झळलेल्या भुवयांमुळे जमादार त्यांना उगाच लहान दिसत होता.

"न विचारता आलो, ते चुकलं," तो म्हणाला. "त्याची माफी मागाले आलो."

"अन् उकंडाले आणलं, ते?"

"ते नाही चुकलं, बाई. पाइप सोडाचं काम त्याचं हाये. आगीच्या दिवशी मी काय पाइप सोडणारा बदलू?"

इंदुताई कुंपणाच्या भगदाडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की विहीर देईन, पण पाइप नाल्या-गटारांत बुडालेला नको. माझ्या विहिरीचा पाइप वेगळा घ्या, तो माझ्या कोठ्यात टांगलेला राहील, दुसऱ्या पाण्याला लागणार नाही. हिरासिंग हो म्हणाला. मग त्या जरा थांबून म्हणाल्या की, सोडायला मात्र दुसरा माणूस आणा.

हिरासिंगनं ताकाचा पेला खाली ठेवला. पेल्यात अजून अर्धं ताक होतं. तो उठला, रामराम केला आणि फाटकाबाहेर गेला. ही विहीर नसेल तर येत्या वैशाखात काय होईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. घरी धनीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं केलं, पण ताक तरी पिऊन यायचं होतं.

आठ दिवस गेले. विहिरीत पाणी चढलं. जिनाच्या मालकानं इकडं एक नियम केला, हिरासिंगच्या सांगण्यावरून, की मधल्या जागेत घुसवलेल्या बंडीचा नंबर सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून बंड्यांच्या मधे जागा राहू लागली, आणि बंडीवाले ती जागा सोन्यासारखी राखू लागले. पण विहिरीचं काही हलत नव्हतं. मग एके सकाळी इंदुताईचा सालदार बंबखान्यात आला. बाईनं बोलावलं, म्हणाला. नवा पाइप घेऊन या, अन् सगळे या.

सगळे गेले. इंदुताई विहिरीच्या ओट्यावर पाट टाकून बसल्या होत्या, जशा काही हळदीकुंकवाला बसाव्यात. नव्या पाइपाला त्यांनी स्वतः राखेनं घासलं, तीन पाण्यांनी धुतलं. गडी ओट्याखाली उभे. कोणी पुढं होईना. हिरासिंगनं बोलायचं ते आधीच बोलून टाकलं होतं.

उकंडानं पाइप खांद्यावर घेतला आणि ओट्याची पहिली पायरी चढला.

"थांब," इंदुताई म्हणाल्या.

तो थांबला.

"चपला खाली काढ. ह्या ओट्यावर माहे सासरेबी चपला काढूनच चढत."

उकंडानं वाकून चपला काढल्या. त्याच्यामागं हिरासिंगनं बूट काढले, मग बाकीच्यांनी. पाइप पाण्यात गेला. दांडे खालीवर होऊ लागले, आणि धार अशी उडाली की इंदुताईच्या वांग्यांच्या वाफ्यापर्यंत पोचली. इंदुताई तिकडं बघत म्हणाल्या, पाणी वाया घालवू नका, थोडं डावीकडं धरा, तिथं कांदा सुकला आहे.

त्या दिवसापासून बंबाची कवायत इंदुताईच्या कांद्यावर होऊ लागली. पाइप कोठ्यात, म्हशीच्या डोक्यावर दोन खुंट्यांना. दसऱ्याला नांगर, पाभर, कोयता यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू लागायचं, आणि प्रसादाचा पहिला द्रोण बंबाच्या गड्यांचा. पाइपाच्या तोंडाशी चामड्याचा वायसर होता, हे इंदुताईंना पुढं कळलं. हिरासिंगनं त्या काही म्हणायच्या आधी सडकेवरच्या ट्रकवाल्याकडून जुनी ट्यूब आणून रबराचा कापून बसवला. इंदुताईंनी ट्यूबचा उरलेला तुकडा मोटेच्या चाकाला गुंडाळायला मागून घेतला.

दोनदा त्या विहिरीवर खरं काम पडलं. एकदा जिनात सरकीच्या ढिगानं पेट घेतला, एकदा गवताच्या घरांतल्या एका छपरानं. दोन्ही वेळा बंब वेळेवर आणि पाणी पुरेसं. छप्पर पेटलं तेव्हा इंदुताई आरडाओरडा ऐकून आधीच पाइप खुंटीवरून काढून ओट्यावर ठेवत होत्या. मग साठ सालानंतर मोटारीचा पंप आला. दांडे मारायची गरज उरली नाही. पंप चालवायचं काम शिकायला पालिकेनं उकंडाला नागपूरला पाठवलं, आणि तो परत आला तेव्हा त्याचं गावात जमादाराहून जास्त कौतुक झालं, याचं हिरासिंगला थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं. धनीबाईनं दोन्ही ओळखून त्या दिवशी गोड केलं.

मोटारीच्या पंपाचाही घसा विहिरीत तेवढाच पोचतो. त्यामुळे फाल्गुनातली मापणी सुटली नाही.

हिरासिंगच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी पालिकेनं संध्याकाळी हार आणि चहा ठेवला होता. सकाळ मोकळी होती. हिरासिंगनं दोरी आणि दगड घेतला, उकंडाला बरोबर घेतलं आणि निघाला. जिनाच्या बाजूच्या विहिरी आधी, नेहमीसारख्या. मग इंदुताईची. बूट ओट्याखाली काढले. दगड सोडला, दोरी हातातून सरकू दिली, पाण्याला लागल्याचा झटका बोटांना कळला तिथं गाठ मारली. वर ओढून हातानं मोजलं. तेरा हात. पुरे.

मग कोठ्यात जाऊन पाइप उतरवला, वायसर दाबून पाहिला, आतून फुंकर मारली. कोळिष्टक निघालं. पुन्हा टांगला. म्हैस बाजूला सरकली.

इंदुताई आता वाकल्या होत्या. काठी टेकत त्या ओसरीवर आल्या आणि विचारलं की पुढच्या फाल्गुनात कोण येणार.

"उकंडा येईन."

"त्याले सांगून ठेवा, दुपारी माही निजायची वेळ असते. सकाळीच येत जा म्हणा." उकंडा समोरच उभा होता. त्यानं हो म्हटलं, आणि ओसरीवर ठेवलेल्या ताकाच्या दोन पेल्यांपैकी एक उचलला.

हिरासिंगनंही आपला पेला संपवला, बूट घातले आणि दोरी गुंडाळत तो जिनाच्या पटांगणाकडे वळला. बंड्या लागत होत्या. एका नव्या बंडीवाल्यानं मधल्या जागेत जू घातलं होतं. जमादार त्याच्यापाशी गेला, त्याच्या तोंडातली बिडी काढली, बुटाखाली विझवली, त्याला सुपारी दिली, आणि बंडी मागं घ्यायला लावली.